रिकाम्या गंजाचं वजन

मला एका जागी बसता येत नाही. चांद्याला लहानपणी पंगतीत माझं ताट सगळ्यांच्या आधी रिकामं व्हायचं. भूक जास्त म्हणून नाही, उठायची घाई म्हणून. डॉक्टर झाले तरी ही खोड गेली नाही. समोरचा माणूस ‘दुखते’ म्हणाला की माझा हात औषधाच्या कपाटाकडे जायचा आणि आमचे सर तो हात हवेतच थांबवायचे. “आधी लिही,” म्हणायचे. “काय दुखतं, कधीपासून, काय खाल्लं. औषध कुठे पळून जात नाही.”

सर नागपूरला आम्हाला वैद्यकशास्त्र शिकवायचे. विलायतेहून ते एक खूळ घेऊन आले होते: रोगी तपासणारा आणि रोगाचं मूळ शोधणारा ही दोन वेगळी माणसं असू नयेत. त्यासाठी एम.डी.च्या प्रबंधासोबत पीएच.डी.लाही नाव नोंदवायचं आणि एकाच अभ्यासातून दोन्ही पदव्या घ्यायच्या. असं तोवर आमच्याकडे कुणी केलं नव्हतं. सरांनी विद्यापीठात खेटे घालून परवानगी मिळवली, आणि मग त्या दुहेरी जोखडाखाली मान द्यायला कोणी मिळेना तेव्हा मला बोलावलं. मी हो म्हणाले. आई म्हणाली, “दोन दगडांवर पाय ठेवून उभी राहू नकोस. बसशील तर नीट बस.” तिच्या मनात तिसरा दगड होता, लग्नाचा, पण त्या दिवशी तिनं तो काढला नाही.

विषय होता लाखोरी. आमच्या झाडीपट्टीत धान कापायच्या आधीच शेताच्या ओल्या बांधीत लाखोरीचं बी फेकून देतात. नांगरणी नको, निगा नको, पाऊस चुकला तरी ही डाळ हमखास येते. म्हणून ती गरिबाची डाळ. आणि तिनं पाय जातात असं लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलेले. पोटऱ्या ताठतात, टाच जमिनीला टेकेनाशी होते, मग एक काठी लागते, मग दोन, आणि शेवटी माणूस ढुंगणावर घसरत अंगणात येतो. पण लाखोरी तर सगळेच खातात, सगळ्यांचे पाय का जात नाहीत? कोण किती खातो? हे घरोघरी जाऊन मोजायचं, डाळीचे नमुने नागपूरच्या प्रयोगशाळेत तपासायचे, असा बेत. चुलीपाशी बसून मोजायचं म्हणजे बाईच हवी. माझी निवड हुशारीमुळे झाली असा माझा समज होता, तो सरांनीच दूर केला.

निघताना त्यांनी एक अट घातली. “वर्षभर तू तिथे डॉक्टर नाहीस, विद्यार्थिनी आहेस. लाखोरी खा म्हणायचं नाही, खाऊ नका म्हणायचं नाही. तुझ्या एका वाक्यानं त्यांचं जेवण बदललं, तर आपण मोजणार काय?”

मी मान हलवली. मान हलवायला काय जातं!

उन्हाळा सरता सरता छोट्या गाडीनं मूल गावापर्यंत गेले. स्टेशनाबाहेर धानाच्या गिरण्यांचा कोंडा हवेत उडत होता, नाकातोंडात जात होता. तिथून पाटलांनी पाठवलेल्या खाचरातून, म्हणजे तिकडच्या बैलगाडीतून, अर्धा दिवस जंगलाच्या अंगानं गेल्यावर गाव आलं. मालगुजारी नुकतीच गेली होती, पण पाटलांच्या घराचा तोरा अजून गेला नव्हता. माझी उतरायची सोय तिथेच होती. पाटलीणबाई दारातच उभ्या होत्या, बुटक्या, पन्नाशीच्या, आवाज असा की बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडच्या गुरांनीही मान वर करावी. “अव्वा, एवढीशी पोरगी डाक्टरीन हाय का?” म्हणाल्या आणि माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली.

माझी लोखंडी पेटी एका गड्यानं उतरवली. पेटीत पितळी पारड्यांचा काटा आणि वजनं होती, चांगलीच जड. तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्यानं पेटी सहज डोक्यावर घेतली आणि चालू लागला, आणि मी बोलता बोलता थांबले. त्याच्या टाचा टेकत नव्हत्या. चवड्यांवर, गुडघे एकमेकांना घासत, घाईत असल्यासारखा तो चालत होता. तो पाटलांकडे सालानं राहिलेला गडी होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ओसरीवर बसवून तपासलं. गुडघ्याखाली हातोडी टेकवायचा अवकाश, पाय उसळला. पाऊल वर दाबून धरलं तर ते हातातल्या हातात थडथडायला लागलं आणि थांबेना. तो हसला. त्याला ती गंमत वाटली असावी.

“बाई, सकारी उठलो का पाय लाकडावानी होते,” तो म्हणाला. “दुपारपर्यंत सुटते. लाखोरीनं होते म्हनते. खरं हाय का?”

“तेच शोधायला आले आहे, भाऊ.”

“कवा सांगान?”

“वर्षभरात.”

“मंग वर्षभर खाऊ का नको?”

मी वहीत डोकं घातलं. आजही तो प्रश्न आठवला की मी खुर्चीतून उठते आणि घरात उगीचच काहीतरी आवरायला लागते. माझ्यातल्या डॉक्टरला उत्तर माहीत होतं. पूर्ण सिद्ध नसेल, पण आपल्या भावाला कुणी काय सांगितलं असतं ते माहीत होतं. मी म्हणाले, “अजून सांगता येत नाही.” तो “बरं” म्हणाला आणि बैल सोडायला गेला.

मोजणीची पद्धत सरांनी आखून दिलेली होती. एक दिवस आधी कोतवालाकडून निरोप जायचा की उद्या बाई अमक्याच्या घरी येतील. सकाळी चूल पेटायच्या आधी मी काटा घेऊन हजर. रिकामं भांडं तोलायचं, कच्चे तांदूळ, कच्ची डाळ तोलायची, शिजल्यावर पुन्हा तोलायचं, ताटात कुणाला किती पडलं ते तोलायचं, उरलेलंही तोलायचं. घरातल्या बायका आधी लाजायच्या, मग त्यांना हसू फुटायचं. “सोनं तोलून राह्यल्या का भात तोलून राह्यल्या?” असं एकीनं विचारलं, आणि पुढच्या घरात माझ्या आधीच ते पोचलं. सगळं मोजून झालं की जेवल्याशिवाय कुणी सोडायचं नाही. मी जेवायची. पटापट जेवायची आणि उठायची, सवयीप्रमाणे.

बोडीच्या पलीकडे जंगलाला लागून गोंडांचा टोला होता, वीसेक झोपड्यांची वस्ती. त्यांचे देव वेगळे, शेती थोडी, बाकी मोहफुलं, चारोळी, कंद, कोदो. तिथेही गेले. तिथे कोतवालाच्या निरोपाला कुणी फारशी किंमत देत नसे. चुलीवर जे असेल ते असे, कधी कोदोचा भात, कधी अंबाडी, कधी मूठभर लाखोरीसुद्धा. त्या टोल्यात काठी घेऊन चालणारं कुणी नव्हतं.

पावसाळा संपायच्या आत मी नागपूरला परतले आणि तक्ते मांडायला बसले. दोन दिवसांत माझी झोप उडाली. काठी घेऊन चालणाऱ्यांच्या घरांत लाखोरी जवळजवळ नव्हतीच. सगळीकडे तुरीची डाळ. लाखोरी होती ती टोल्यात, जिथे सगळे धडधाकट. माझ्या तक्त्यांवर विश्वास ठेवायचा तर माणसांचे पाय तुरीच्या वरणानं जात होते!

मी घाबरत घाबरत कागद सरांपुढे ठेवले. वाटलं, फेकून देतील. ते बराच वेळ वाचत राहिले आणि त्यांचे डोळे लकाकले. “आपण सगळे लोकांच्या बोलण्यामागे धावत होतो,” म्हणाले. “कदाचित लाखोरीचा दोषच नसेल. कारण दुसरंच असेल. पाणी, एखादा जंतू. हिवाळ्यात पुन्हा जा, तीच घरं पुन्हा मोज. हेच आकडे आले तर तुझा प्रबंध विलायतेत वाचतील.”

मोह झाला, खोटं कशाला बोलू? विलायतेत वाचतील या शब्दांनी मला आठवडाभर गुदगुल्या होत होत्या. आणि त्याच वेळी घरोघरची ती तूर मला पटतही नव्हती. मी चांद्याची पोरगी. कोणत्या घरी काय शिजतं हे मला पुस्तकातून शिकायला नको होतं. पण आकडे माझे होते, माझ्या हातांनी तोललेले, आणि स्वतःच्या पोराला वेडंवाकडं कोण म्हणतं?

हिवाळ्यात परत गेले तेव्हा धान निघालेलं होतं, खळी लागली होती. खाचर घेऊन मूलला या वेळी दुसराच माणूस आला. तो गडी पाटलांच्या अंगणात बसून दोर वळत होता. बाजूला भिंतीला बांबूची काठी टेकवलेली. मला पाहून उठायला गेला, काठी धरली, उठला. नांगर त्याच्याकडून काढून घेतला होता. आता बसून होतील ती कामं तेवढी.

“बाई, वर्ष झालं का?” त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. सहा महिनेही झाले नव्हते.

त्या आठवड्यात मी चार घरं मोजली. चारही घरी तूर. गड्याच्या घरीही मोजलं. त्याच्या बायकोनं डाळ शिजवली, वाढली, पोरांनी हात चाटून खाल्ली. ती फटकळ बाई, पण माझ्याशी एरवीपेक्षा गप्प होती. काठी दाराशी होती. माझ्या तक्त्यात त्या घरापुढे मी लिहिलं: तूर, अमुक छटाक, लाखोरी, नाही.

मग एका दुपारी पाटलांच्या ओसरीवर बसून मी जुन्या वहीतले आकडे स्वच्छ कागदावर उतरवत होते. कंटाळवाणं काम, आणि मी तर कंटाळ्याची जन्माची वैरीण. तांदळाचं भांडं, रिकामं वजन. डाळीचं भांडं, रिकामं वजन. सरांच्या शिस्तीपायी प्रत्येक घरी हे लिहिलेलं. उतरवता उतरवता माझा हात आपोआप पुढचा आकडा लिहायला लागला, वहीत न बघताच, आणि तो बरोबर निघाला. पुढचाही. मी थांबले. तांदळाची भांडी दर घरी वेगळी होती, एकही वजन दुसऱ्याशी जुळत नव्हतं. डाळीच्या भांड्याचं, त्या उभट गंजाचं, वजन मात्र गावातल्या अकराही घरांत पाव तोळ्याच्या फरकानंही हललेलं नव्हतं.

अकरा घरांत एकच गंज.

आठवलं, त्याच्या काठाला पोचा होता. मी तो कितीदा पाहिला होता. मूलच्या बाजारात मिळणाऱ्या सगळ्या गंजांना पोचे असतात असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं, इतकी मी हुशार! टोल्यातल्या वजनांकडे पाहिलं. तिथे मातीची मडकी, एकाचं वजन दुसऱ्याशी जुळेना. मी वही घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले. गंज पाटलीणबाईंच्या मांडणीवर उपडा घातलेला होता, पोच्यासकट. काट्यावर ठेवला. तेच वजन.

पाटलीणबाई पाहत होत्या. जराही ओशाळल्या नाहीत.

“माहाच गंज हाय,” म्हणाल्या. “काऊन, काई कमी भरला का?”

“हा प्रत्येक घरी जात होता?”

“मंग? कोतवाल सांगे, उद्या बाई अमक्याच्या घरी. मी गंजात तूर घालून धाडून देत होतो. संगं चांगले तांदूर. पाव्हनी घरी येते अन् तिच्या पुढ्यात लाखोरी ठेवाची? नागपुरात जाऊन सांगान का आमच्या गावात पाव्हन्याले लाखोरी खाऊ घालते म्हनून? गावाची काई इज्जत हाय का नाई?”

“मी पाहुणी नव्हते! मी जेवायला येत नव्हते, मोजायला येत होते!”

“मोजून झाल्यावर जेवतच होत्या ना?”

मी अकरा घरी जेवले होते, काही घरी दोनदा. मला त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. चांद्याला आमच्या घरीसुद्धा पाहुणे आले की आई शेजारून साखर मागवायची. मी ती स्वतःच्या हातानं आणलेली होती. कॉलेजातल्या सहा वर्षांनी एवढं साधं शहाणपण माझ्या डोक्यातून पुसून टाकलं होतं. उंटावरून शेळ्या हाकायला मी नागपूरहून आले होते.

मी तशीच गड्याच्या घरी गेले. निरोप न देता, काटा न घेता. त्याची बायको चुलीपुढे होती. चुलीवर लाखोरी शिजत होती.

ती उठली, झाकण टाकायला गेली, मग तिनं झाकण खालीच ठेवलं. “आता पाह्यलंच तं पाहा,” म्हणाली.

“रोज हेच?”

“तुमी आल्या त्या दिवशी तूर शिजली. बाकी दिवस कोन इच्चारते?”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुमी म्हनल्या, आज काय शिजलं ते सांगा. तेवढं सांगतलं.”

गडी मागे दोर वळत बसला होता. मी त्याच्यापुढे जमिनीवर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, सरांची अट धाब्यावर बसवून. लाखोरी सोडा, आजपासून सोडा, गेलं ते परत येणार नाही, पण सोडलीत तर आहे तिथे थांबेल. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. त्यानं हातातला दोर खाली ठेवला.

“मले बी तसंच वाटत होतं,” म्हणाला. “पन खाऊ काय? सालाचं पाटलाकडून जे भेटते, ते लाखोरीच भेटते. धान जाते गिरनीवर.”

त्याची बायको म्हणाली, “आता कामाचा राह्यला नाई तं तेवढी बी कवापर्यंत भेटन?”

म्हणजे माझ्या सल्ल्याची किंमत एवढी! तो मी उन्हाळ्यात दिला असता तरी कदाचित हेच उत्तर आलं असतं. पण मी दिलाच नव्हता, म्हणून मला ते कधी कळणार नाही, आणि हे न कळणं मला अजून छळतं.

मी पाटलीणबाईंकडे गेले. सरळ मागितलं: या एका घराला लाखोरीऐवजी तूर द्या. त्या वाईट बाई नव्हत्या. पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवलेली बाई ती. पण मान हलवली. “एकाले देलं तं उद्या साऱ्यायनं मांगाव. मंग आमी काय कराव? पाटील मले घरात ठेवन नाई.”

मी अंगणात फेऱ्या मारत राहिले. पाटलांचा कुत्रा माझ्यासोबत दोन फेऱ्या आला आणि कंटाळून बसला. मग मी आत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा विज्ञानाच्या नावानं धडधडीत खोटं बोलले.

“आत्तापर्यंतचं सगळं मोजणं वाया गेलं,” मी म्हणाले. “आता नियम असा आहे की एकच घर घ्यायचं आणि रोज मोजायचं. मी तुमच्या गड्याचं घर घेतलंय. उद्यापासून, होळीपर्यंत.”

“रोज?”

“रोज. सगळं वहीत लिहायचं. कुणाचा गडी, घरी काय शिजलं. वही नागपूरला जाते.”

पाटलीणबाईंना सगळं कळलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. “लइ लबाड हाय तू,” म्हणाल्या. आणि गंज मांडणीवरून खाली काढला.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी काटा घेऊन गड्याच्या घरी जात होते. माझ्या आधी गंज पोचलेला असायचा. तूर, तांदूळ, कधी वर वांगी. मी तोलायची, शिजल्यावर तोलायची, ताटं तोलायची आणि वहीत लिहायची, कारण सगळं गाव दारातून बघत होतं. त्या आकड्यांना काडीचीही किंमत नव्हती. ते मी इतके नीट लिहिले की तेवढे नीट आकडे माझ्या एम.डी.च्या प्रबंधातही नाहीत. गावात थट्टा सुरू झाली. “डाक्टरीनचं लगन त्या चुलीसंगंच लावून देल्लं का?” मोहफुलं गोळा करायला जाणाऱ्या बाया वाटेत थांबून आजचा भाव विचारायच्या. गड्याची बायको आता मला घालूनपाडून बोलायची, म्हणजे आमचं जमलं होतं. दर आठवड्याला मी त्याचं पाऊल दाबून पाहायची. थडथड तशीच होती. वाढली नव्हती. काठी एकच होती. मी, जिला अर्धा तास एका जागी बसवत नाही, त्या घरात रोज भात शिजेपर्यंत बसून राहत होते.

सरांची पत्रं येत होती. आकडे का नाहीत? पहिल्या पत्राला मी खरं ते सगळं लिहिलं, गंजाचं वजनही लिहिलं. दुसरं पत्र दोन ओळींचं होतं: झालं ते कळलं, काम थांबव, सामान घेऊन ताबडतोब परत ये. मी तरी आठ दिवस ओढले. मग पाटलांनी खाचर जुंपायला सांगितलं.

निघायच्या सकाळी मी शेवटचं मोजायला गेले. जेवणं झाली. मी वजनं फडक्यात बांधली, पारडी पुसली. तो अंगणात काठीवर उभा राहून “येजा बाई, परत येजा” म्हणाला. त्याची बायको खाचरापर्यंत माझ्यासोबत आली. मी पेटी खाचरात चढवली तेव्हा तिनं पेटीच्या कडीवर हात ठेवला.

“बाई,” ती म्हणाली, “काटा इथीच ठेऊन जा.”

“काटा कशाला?” मी विचारलं.

“मी मोजीन. मले येते आता. रोज मोजीन अन् काड्यायनं भिंतीवर लिहून ठेवीन. काटा घरी दिसला तं पाटलीनबाई गंज धाडन. काटा गेला तं कोन धाडते?”

ती अगदी बरोबर बोलत होती. माझ्यापेक्षा, सरांपेक्षा तिला तो काटा काय काम करतो ते जास्त नीट कळलं होतं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “अगं, तो कॉलेजचा आहे. माझ्या सहीवर दिलाय. हरवला तर मला जाब द्यावा लागेल.” तिनं कडीवरचा हात काढला. “बरं,” म्हणाली. नवऱ्यासारखंच म्हणाली. खाचर हललं तेव्हा मी मागे पाहिलं नाही.

सर अपेक्षेपेक्षा कमी रागावले. माझी वही चाळून म्हणाले, “रिकाम्या भांड्यांची वजनं लिहिलीस म्हणून वाचलीस. नाहीतर आपण दोघं तुरीला फाशी देऊन बसलो असतो.” मग शेवटची पानं उघडली. “आणि हे दोन महिने? रोज एकच घर? हे काय होतं?”

“उपचार,” मी म्हणाले.

“मग त्याचा पीएच.डी.शी संबंध नाही,” असं म्हणून त्यांनी वही मिटली. दुहेरी पदवीचा बेत तिथेच संपला. एम.डी. मी तपासलेल्या पायांवर प्रबंध लिहून पूर्ण केली, पीएच.डी.चं नाव काढून घेतलं. आई म्हणाली, एक दगड तरी सुटला.

काटा मी त्याच दिवशी भांडारात परत केला. कारकुनानं नोंदवहीत खूण केली, माझी सही घेतली आणि काटा कपाटावर ठेवून दिला. पुढे दोन वर्षं मी त्या खोलीतून ये-जा करत होते. त्या दोन वर्षांत तो कोणी एकदाही खाली काढला नाही. त्याच्या पारड्यांवर धूळ बसत होती तेव्हा, पहिल्याच पावसाळ्यात, तिकडे गावात तो गडी दोन काठ्यांवर आला.